वॉल्डेमार हाफकिन : एक लस, एक बाटली आणि पाच वर्षांचा कलंक

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना चांगले परिचयाचे आहे. सर्पदंशावरील लस, पोलिओचे डोस, औषधांच्या चाचण्या अशा अनेक निमित्तांनी ते वर्तमानपत्रांतून येत असते. ज्या शास्त्रज्ञाचे नाव ही संस्था मिरवते, त्याची हकिकत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर रोगांच्या जंतूंवर त्याने लसी तयार केल्या, दोन्ही प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या आणि लाखो भारतीयांना त्यांचा लाभ करून दिला. पुढे न केलेल्या एका चुकीचे खापर त्याच्यावर फुटले आणि त्याचे उमेदीचे दिवस निर्दोषत्व सिद्ध करण्यातच गेले.

ओडेसा ते पॅरिस

वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात, हा सिद्धांत मांडून पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ते हेच मेचनिकॉव्ह.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीकडे ओढले गेले होते. १८८१ मध्ये ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा स्वसंरक्षण पथकात सामील झाल्याबद्दल त्यांना अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. पदवीनंतर विद्यापीठात बढतीची वाट खुली होती, परंतु त्यासाठी ज्यू धर्म सोडून रशियन ख्रिस्ती संप्रदायाची दीक्षा घेणे आवश्यक होते. हाफकिन यांनी ते नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम पत्करले.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढल्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. मेचनिकॉव्ह तोपर्यंत तेथे दाखल झालेले होते. संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. नंतर एमिल रू यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम करण्याची संधी त्यांना मिळाली. त्यांच्याआधी या जागेवर अलेक्झांडर येर्सिन काम करीत होते. पुढे १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधून काढणारे येर्सिन ते हेच.

पटकीवरील लस

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कोलकाता येथे शोधून काढला होता. १८८५ मध्ये स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी पटकीविरोधी लस टोचण्याचा प्रयोग केला, पण तो वादग्रस्त ठरला. त्यांच्या लसीची शक्ती एकसारखी राहत नाही आणि टोचलेल्या-न टोचलेल्या लोकांची विश्वासार्ह आकडेवारी ठेवली गेली नाही, असे दोन आक्षेप होते. हाफकिन यांनी हे दोन्ही आक्षेप गंभीरपणे घेतले.

त्यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीत टोचले आणि एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे असे अनेक वेळा संक्रमित करून त्यांची मारकता वाढवून स्थिर केली. दुसरीकडे जंतूंची वाढ ३९ अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या झोतात करून त्यांना दुर्बळ बनविले. आधी दुर्बळ आणि काही दिवसांनी प्रबळ जंतू टोचले की प्राण्याला पटकीपासून संरक्षण मिळते, असे त्यांना आढळले. त्या काळच्या लेखनात अशा जंतुद्रव्याला सरसकट ‘व्हायरस’ म्हटले जाई. जिवाणू आणि विषाणू यांतील भेद तेव्हा स्पष्ट व्हायचा होता. जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणाऱ्या रोगकारकाचा पहिला पुरावा रशियाच्या इव्हानोव्हस्की यांनी नेमका त्याच वर्षी, १८९२ मध्ये, मांडला.

प्राण्यांवरील प्रयोग संपताच १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली; अधिक काही झाले नाही. त्यांच्यामागून काही रशियन स्नेह्यांनीही ती टोचून घेतली. ३० जुलै रोजी त्यांनी पॅरिसच्या जीवविज्ञान मंडळापुढे आपले निष्कर्ष ठेवले.

लस माणसाला अपायकारक नाही, इतकेच यावरून सिद्ध झाले होते. तिच्यामुळे रोग टळतो की नाही हे पाहण्यासाठी पटकी जेथे दरवर्षी हटकून येते, तेथेच जाणे भाग होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

बस्तीतला पुरावा

कोलकात्याच्या बस्त्यांत सुरुवातीला लोकांचा विरोध झाला. परका माणूस, हातात सुई आणि त्या सुईत रोगाचेच जंतू, हे ऐकून कोणीही बिचकावे अशीच परिस्थिती होती. हाफकिन यांच्या पथकातील चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त या भारतीय डॉक्टरांनी वस्त्यांमध्ये जाऊन लोकांची समजूत घातली. लस ऐच्छिक असावी, यावर हाफकिन यांचा कटाक्ष होता.

मार्च १८९४ मध्ये कट्टल बागान या बस्तीत पटकीची लागण झाली. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत पटकीचे दहा रोगी आढळले, त्यांतील सात दगावले; हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत राहणारे, एकाच तळ्याचे पाणी वापरणारे लोक, आणि फरक केवळ लशीचा. अशी तुलना हा हाफकिन यांच्या कार्यपद्धतीचा कणा होता. किती लोकांना लस दिली, या संख्येपेक्षा लस न घेतलेल्या शेजाऱ्यांचे काय झाले, याची नोंद त्यांना अधिक मोलाची वाटे.

पुढे आसामच्या चहामळ्यांतील मजूर, लष्करी छावण्या आणि तुरुंग येथे हे काम पसरले. १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली गेली. सततच्या फिरतीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले आणि त्यांना युरोपात परतावे लागले. १८९६ च्या वसंतात ते पुन्हा भारतात आले. त्याच वर्षी मुंबईवर नवे संकट कोसळणार होते.

मुंबईतील प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांना ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग झाल्याचे जाहीर केले. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढील काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले.

सरकारच्या सूचनेवरून ७ ऑक्टोबर रोजी हाफकिन मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि एक बोळ मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. कामाचा ताण इतका होता, की त्यांच्या साहाय्यकांपैकी एकाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले.

या वेळी त्यांनी वेगळा मार्ग निवडला. जिवंत जंतू टोचण्याऐवजी मारलेले जंतू टोचायचे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी जंतूंची वाढ मोठ्या प्रमाणावर करणे आवश्यक होते. त्यांनी मांसाचा रस्सा मोठ्या चंबूंत भरला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्लेगचे जंतू या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबत. चंबू हलविला की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे द्रव्य ६५ अंशांवर तासभर तापवून जंतू मारले जात. हिंदू आणि मुसलमान या दोघांनाही आक्षेप वाटू नये, म्हणून रस्स्यासाठी शेळीचे मांस वापरण्यात आले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही स्वतःवर आजमावली. त्यांनी घेतलेली मात्रा १० घन सेंटिमीटरची, म्हणजे पुढे सर्वसामान्यांसाठी ठरलेल्या मात्रेच्या चौपट होती. जोरदार ताप आला, पण त्यांनी काम थांबविले नाही.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली. नंतर लस न घेतलेल्यांत १२ रोगी निघाले आणि त्यांतील सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांनाच लागण झाली आणि दोघेही बरे झाले. उमरखाडीच्या तुरुंगात तर कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकाला लस देण्यात आली. बंदिवानाची संमती खरोखर कितपत मोकळी असते, हा प्रश्न आजचे वैद्यकीय नीतिशास्त्र अवश्य विचारील. त्या काळी तो क्वचितच विचारला जाई.

सर्वांत बोलका पुरावा बडोद्याजवळच्या उंढेरा या गावातून मिळाला. तेथे १८९८ मध्ये हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ मृत्युमुखी पडले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तिघे दगावले. लस रोगाला पूर्णपणे अडवू शकत नाही, पण मृत्यूचे प्रमाण खूपच कमी करते, हे या आकड्यांनी दाखविले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही साधारण हाच अभिप्राय दिला.

सक्ती आणि विश्वास

याच सुमारास सरकारची प्लेगविरोधी मोहीम दुसऱ्याच मार्गाने चालली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, रोग्यांना ओढून नेणे, विलगीकरण छावण्या, सामानसुमानाची जाळपोळ यांनी पुण्या-मुंबईचे लोक संतापले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. अशा वातावरणात सरकारकडून येणाऱ्या कोणत्याही गोष्टीकडे संशयाने पाहिले जात होते आणि लसही त्याला अपवाद नव्हती. शिवाय लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येई. हातावर पोट असलेल्या मजुराला तेवढ्या दिवसांची मजुरी बुडणे परवडणारे नव्हते.

हाफकिन यांचा भर समजावणीवर होता. तरुण आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी ‘खुश्रू लॉज’ ही आपली वास्तू दिली. समाजातील मान्यवर व्यक्तीने आधी दंड पुढे करणे, हे शंभर फतव्यांहून परिणामकारक ठरले. १८९७ मध्येच हाफकिन यांना ‘सी.आय.ई.’ हा किताब मिळाला.

जागेचा प्रश्न अखेर परळला सुटला. तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८८० च्या दशकात गव्हर्नरांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले होते. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. पटकीने रिकाम्या केलेल्या या वास्तूत, पटकीची लस शोधणाऱ्याच शास्त्रज्ञाच्या हाताखाली, १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

मलकवालची बाटली

१९०२ च्या शरद ऋतूत पंजाबात लसीकरणाची प्रचंड मोहीम हाती घेण्यात आली आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा भार पडला. उत्पादन वाढविण्यासाठी हाफकिन यांनी जंतू वाढविण्याची पद्धत बदलली. लशीत जंतुनाशक म्हणून मिसळले जाणारे कार्बॉलिक आम्ल वगळून ते उष्णतेवरच विसंबू लागले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस देण्यात आली. आठवडाभरानंतर त्यांतील १९ जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि एकामागून एक १९ही जण दगावले. हे सर्व जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली होती आणि कार्बॉलिक आम्ल वगळणे ही चूक होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. चौकशीचे कागदपत्र चार वर्षे प्रसिद्धच झाले नाहीत. हाफकिन लंडनला गेले आणि आपली बाजू मांडत राहिले.

१९०६ च्या अखेरीस कागदपत्र प्रकाशित झाले, तेव्हा त्यांतील साक्षीच आयोगाच्या निष्कर्षाच्या विरोधात जातात, असे अनेक शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या पाण्याच्या ओझरत्या स्पर्शाने ते मरत नाहीत.

दुसरा मुद्दा वासाचा होता. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू तिच्यात वाढले असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती; तशी ती आली नाही, असे बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनीच नोंदविले होते. तिसरा मुद्दा काळाचा. जंतूंनी तयार केलेले विष बाटलीत साठलेले असते, तर लक्षणे फार लवकर दिसली असती. ती आठवडाभराने दिसली, याचा अर्थ मोजके बीजाणू लस टोचतानाच शरीरात गेले. ज्या कार्बॉलिक आम्लावरून एवढा गहजब झाला, त्याच्या अल्प प्रमाणाने हे चिवट बीजाणू हमखास मेलेच असते असेही नव्हते.

हिवतापाच्या संशोधनासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सातत्याने पत्रे लिहिली. चूक नेमकी कोठे झाली हे स्पष्ट केले नाही, तर लशीवरील लोकांचा विश्वास उडेल आणि त्याची किंमत प्लेगने मरणाऱ्यांना मोजावी लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २९ जुलै १९०७ रोजी प्रसिद्ध झालेल्या पत्रावर रॉस यांच्यासह दहा नामवंतांच्या सह्या होत्या. हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाच्या आठवणीने काहींनी या प्रकाराला ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ म्हटले.

परतीचा प्रवास

हाफकिन भारतात परतले, पण परळला नव्हे. तेथे जागा रिकामी नसल्याने त्यांची कोलकात्याच्या जैविक प्रयोगशाळेत नियुक्ती झाली. त्यांना नव्या लशीच्या चाचण्या माणसांवर घेण्याची मोकळीक मिळाली नाही. काम मुख्यतः सैद्धांतिक संशोधनापुरते मर्यादित राहिले. मारलेल्या जंतूंपासून पटकीची लस बनविण्याची त्यांची कल्पना त्यामुळे त्यांच्या हातून पुढे सरकली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात परतले.

उत्तरायुष्यात ते धर्मचिंतनाकडे वळले. पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांसाठी त्यांनी आपली संपत्ती निधी म्हणून ठेवली. ते आजन्म अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळची प्रयोगशाळा १९०६ मध्ये ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाली. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हा पॉल-लुई सिमॉं यांचा १८९८ मधील शोध पक्का करणारे प्रयोग याच आवारात झाले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि हा सन्मान त्यांना हयातीत पाहावयास मिळाला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्लेगवर आज प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि हाफकिन यांची मूळ लस मागे पडली आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग पुन्हा डोकावला, तेव्हा प्रतिजैविकांनीच तो आटोक्यात आणला. मारलेला संपूर्ण जंतू टोचून प्रतिकारशक्ती जागी करण्याचे तत्त्व मात्र टिकून आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहभागातून तयार झालेली आणि २०२१ मध्ये देशभर दिली गेलेली ‘कोव्हॅक्सिन’ ही लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासूनच बनविलेली होती. त्या वर्षी लस घ्यावी की नाही, ताप येईल काय, कोणावर विश्वास ठेवावा, हेच प्रश्न घरोघरी विचारले जात होते. कट्टल बागानच्या बस्तीत आणि भायखळ्याच्या तुरुंगात हाफकिन यांनाही तेच प्रश्न विचारले गेले होते. स्वतःचा दंड आधी पुढे करून आणि लस न घेतलेल्यांचीही नोंद ठेवून त्यांनी त्यांची उत्तरे दिली होती.